‘ईलाइफ’ची रिव्ह्यू-सेवा: पेपर इथे पाठवावा का?

पेपर, म्हणजे शोधनिबंध, कुठल्या जर्नलला (संशोधनाच्या नियतकालिकाला) पाठवायचा यावर माझ्या लॅबमध्ये दर वेळी वाद होतात, आणि ‘ईलाइफ’ या जीवशास्त्राच्या जर्नलचं नाव निघालं की ते वाढतात. ओळखीतले लोकही फोन करून विचारतात, ‘तुमचा तिथे आलाय ना, कसा अनुभव?’ फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत छोटी लॅब चालवते. आम्ही फळमाश्यांवर काम करतो; पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावतात त्याच बारीक माश्या. ईलाइफशी माझा संबंध तिन्ही बाजूंनी आहे. आमचा पेपर तिथे आलेला आहे, मी त्यांच्यासाठी रिव्ह्यू करते, आणि वाचक तर रोजचीच.

माझं मत आधीच सांगून टाकते. वाचकासाठी याहून चांगली रिव्ह्यू-सेवा मी पाहिलेली नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण लेखकाला मात्र ती आज महागात पडू शकते, आणि त्याचा दोष मी ईलाइफला देत नाही.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी नेहमीची पद्धत थोडक्यात. तुम्ही पेपर जर्नलच्या वेबसाइटवर चढवता. एडिटर तो चाळतो आणि पटला नाही तर तिथूनच परत करतो. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. नावाजलेल्या जर्नलांत बहुतेक पेपर इथेच गळतात. पुढे गेलाच तर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो. हे रिव्ह्युअर. त्यांना या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि लेखकाला सहसा त्यांची नावं कळत नाहीत. त्यांचे अहवाल वाचून एडिटर निर्णय कळवतो: घेतला, किरकोळ दुरुस्त्या करा, मोठ्या दुरुस्त्या करा, नाकारला. नाकारला की ते अहवाल लेखकाच्या मेलमध्ये पडून राहतात. लेखक पेपर दुसऱ्या जर्नलला देतो आणि तिथले नवे रिव्ह्युअर पहिल्यापासून तेच काम पुन्हा करतात. घेतला गेला तरी बहुतेक ठिकाणी अहवाल बाहेर येत नाहीत. वाचकाच्या हाती येतो फक्त छापलेला पेपर आणि त्यावरचं जर्नलचं नाव.

म्हणजे जाणकार माणसांनी रात्री जागून लिहिलेली कारणं कपाटात जातात आणि ‘घेतला’ किंवा ‘नाकारला’ एवढा एक शब्द जगासमोर येतो. माझी खरी तक्रार या शब्दाबद्दल आहे. ईलाइफने तोच काढून टाकला, म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

हा शब्द किती भरवशाचा असतो, याची तपासणी झालेली आहे. २०१४ मध्ये ‘न्युरिप्स’ या संगणकशास्त्राच्या मोठ्या परिषदेने १६६ पेपर दोन वेगळ्या समित्यांकडे एकाच वेळी दिले. (परिषद म्हणजे जर्नल नव्हे, हे मान्य; पण त्या विषयात परिषदेतला पेपर हाच मुख्य मानतात आणि रिव्ह्यू तसाच कडक असतो.) ४३ पेपरांवर दोन समित्यांचं जमलं नाही. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण मुळात घेतले जाणारे पेपरच थोडे असतात, त्यामुळे एका समितीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, पीटर्स आणि सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी आधीच छापून आलेले १२ पेपर लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून त्याच जर्नलांना पुन्हा पाठवले. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले.

आणि ही पद्धत आपण समजतो तितकी सनातनही नाही. १६६५ मध्ये हेन्री ओल्डनबर्गने लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं तेव्हा काय छापायचं ते मुख्यतः तोच ठरवायचा. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएवरचा पेपर ‘नेचर’ने बाहेरच्या रिव्ह्युअरकडे पाठवला नव्हता, तिथे बाहेरचा रिव्ह्यू सरसकट सक्तीचा झाला तो १९७३ मध्ये. मला यातली सगळ्यात बोलकी वाटते ती १९३६ ची हकिगत. आइन्स्टाइनने नेथन रोझनबरोबर गुरुत्वलहरींवर पेपर लिहून ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. एडिटरने तो न विचारता रिव्ह्युअरला दाखवला, याचा आइन्स्टाइनला इतका राग आला की त्याने पेपरच परत घेतला. पण रिव्ह्युअरचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या वर्षी ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये तो पेपर आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. विज्ञानाच्या उपयोगी पडला तो रिव्ह्युअरचा अहवाल. पेपर कुणी घेतला आणि कुणी नाही, याला आज काही महत्त्व उरलेलं नाही.

आता ईलाइफ. २०१२ मध्ये अमेरिकेची हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट, जर्मनीची माक्स प्लांक सोसायटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून ते सुरू केलं. पहिले मुख्य एडिटर रँडी शेकमन. २०१३ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. पहिली काही वर्षं तिथेही घेतला-नाकारला चालायचंच, फक्त एक गोष्ट निराळी होती: सगळे रिव्ह्युअर आणि एडिटर आपापसात चर्चा करून लेखकाला एकच एकत्रित पत्र पाठवायचे. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये, मायकेल आयझेन मुख्य एडिटर असताना, त्यांनी जाहीर केलं की रिव्ह्यूनंतर आम्ही कुठलाच पेपर ‘घेणार’ही नाही आणि ‘नाकारणार’ही नाही. ३१ जानेवारी २०२३ पासून नवी पद्धत लागू झाली.

ती चालते अशी. पेपर आधी बायोआर्काइव्हसारख्या वेबसाइटवर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे रिव्ह्यूआधीच, सगळ्यांसाठी खुला असतो. ईलाइफचे एडिटर ठरवतात की याचा रिव्ह्यू करायचा की नाही. हे एडिटर म्हणजे पूर्णवेळ पगारी कर्मचारी नसून स्वतःच्या लॅब चालवणारे शास्त्रज्ञ असतात. त्यांनी हो म्हटलं की पेपर रिव्ह्युअरांकडे जातो. अहवाल आले, चर्चा झाली, की पेपर, रिव्ह्युअरांचे अहवाल आणि सुरुवातीला एडिटरने लिहिलेलं छोटं मूल्यमापन असं सगळं एकत्र प्रसिद्ध होतं. लेखकाला आपलं उत्तरही तिथेच जोडता येतं. पुढे दुरुस्ती करायची की नाही, किती करायची, आणि आता हीच अंतिम आवृत्ती असं कधी म्हणायचं, ते लेखकाच्या हातात.

मूल्यमापनातले शब्द ठरलेले आहेत. कामाचं महत्त्व सांगायला पाच, वरून खाली: लँडमार्क, फंडामेंटल, इम्पॉर्टंट, व्हॅल्युएबल, यूजफुल. पुरावा किती भक्कम हे सांगायला सहा, तसेच वरून खाली: एक्सेप्शनल, कम्पेलिंग, कन्व्हिन्सिंग, सॉलिड, इनकम्प्लीट, इनॅडिक्वेट. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे महत्त्व आणि पुरावा यांची केलेली फारकत. प्रश्न मोठा पण पुरावा तोकडा असं असू शकतं. प्रश्न छोटा पण काम अगदी चोख, असंही असू शकतं. नेहमीच्या जर्नलात हे दोन्ही एकाच निर्णयात कालवले जातात, आणि भपकेदार प्रश्न असेल तर कच्च्या पुराव्याकडे काणाडोळा होतो. हे मी रिव्ह्युअर म्हणून बसल्यावर अनेकदा पाहिलंय.

आमच्या पेपरचं काय झालं ते जरा तपशिलात सांगते, कारण सेवेची पारख तिथेच होते. आमचा प्रश्न होता: हवा दमट असली की फळमाशीला आंबलेल्या फळाचा वास जास्त ओढतो का? प्रयोग साधा. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी, एका फाट्यातून व्हिनेगरचा वास, दुसऱ्यातून नुसती हवा; माशी कुठे वळते ते मोजायचं. कोरड्या हवेत मोजायचं, दमट हवेत मोजायचं. फरक स्पष्ट दिसत होता.

हाच पेपर आम्ही आधी एका नावाजलेल्या जर्नलला दिला होता. पावसाळा सरून थंडी पडली तरी स्क्रीनवर ‘अंडर रिव्ह्यू’ तसंच. शेवटी उत्तर आलं. एका रिव्ह्युअरने भरभरून कौतुक केलं होतं. दुसऱ्याने चार ओळी लिहिल्या होत्या: विषय रंजक आहे, पण पुरेसं नावीन्य नाही, एखाद्या लहान जर्नलला शोभेल. एडिटरने दुसऱ्याचं ऐकलं. त्या चार ओळींत आमच्या एकाही आलेखाचा, एकाही प्रयोगाचा उल्लेख नव्हता. दुरुस्त काय करायचं, हे त्यावरून कळणं अशक्य होतं. माझी विद्यार्थिनी त्या मेलची प्रिंट काढून सुधारणांच्या जागी खुणा करायला बसली, तर खूण करावी असं काही सापडेना.

ईलाइफच्या पहिल्या रिव्ह्युअरचा मुख्य आक्षेप दोन वाक्यांचा होता. आर्द्रता वाढवली की व्हिनेगरचं बाष्पीभवनही बदलतं. मग माशीचं वागणं ओलाव्यामुळे बदलतंय, की तिच्यापर्यंत वासच कमीजास्त पोचतोय, हे या प्रयोगांवरून सांगता येत नाही. बस. सगळ्या पेपरचा कणा त्यावर उभा होता. त्याने उपायही सुचवला होता: नळीच्या तोंडाशी फोटोआयोनायझेशन डिटेक्टर लावा आणि वासाचं प्रमाण प्रत्यक्ष मोजा. दुसऱ्या रिव्ह्युअरने वेगळा मार्ग सांगितला. फळमाशीच्या मिशीत, म्हणजे अँटेनात, ओलावा ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आयआर ६८ए नावाचं जनुक लागतं. हे जनुक बिघडलेल्या माश्या घ्या. दमट हवेचा परिणाम त्यांच्यातही तसाच दिसला, तर तो ओलाव्याच्या जाणिवेचा नव्हे.

नेहमीच्या जर्नलात अशा वेळी दोन्ही मागण्या जशाच्या तशा अंगावर येतात आणि आपण वर्षभर दोन्ही करत बसतो. इथे रिव्ह्युअर एकमेकांशी बोललेले होते. एडिटरच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की जनुक बिघडलेल्या माश्यांचा प्रयोग मुख्य, डिटेक्टरची मोजमापं मिळाली तर उत्तम, आणि तिसऱ्या रिव्ह्युअरने मागितलेला मेंदूतल्या पेशींचा सविस्तर अभ्यास या पेपरच्या आवाक्याबाहेरचा आहे. ते एक वाक्य वाचून आमच्या लॅबच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं, हे ज्यांनी मोठ्या दुरुस्त्या केल्यात त्यांनाच कळेल.

पण मूल्यमापन प्रसिद्ध झालं ते असं: काम व्हॅल्युएबल, पुरावा इनकम्प्लीट. सगळ्या जगाला दिसेल असं. माझी विद्यार्थिनी बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, ‘मॅम, हे कायम तिथे राहणार?’ मी म्हटलं, ‘हो, राहणार. नवीन आवृत्ती आली तरी जुनी दिसत राहणार.’ ‘मग आधीचं रिजेक्शन बरं होतं, ते कुणाला दिसत तरी नव्हतं.’ तिचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. पहिलाच पेपर, त्यावर असा शेरा, तोही उघड्यावर. त्या दिवशी आम्ही दोघींनी अहवाल पुन्हा ओळीनओळ वाचला. तासाभराने तीच म्हणाली, ‘बाष्पीभवनाचा मुद्दा खरा आहे.’

माश्या अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन इथल्या स्टॉक सेंटरमधून मागवल्या. जगभरच्या फळमाशीवाल्यांचं ते ठरलेलं ठिकाण. डिटेक्टर ओळखीच्या एका लॅबने वापरायला दिला. मोजलं तेव्हा दमट हवेत वासाचं प्रमाण थोडं बदलत होतं हे खरंच निघालं. सगळा परिणाम त्याने समजावता येत नव्हता, पण काही भाग येत होता. जनुक बिघडलेल्या माश्यांमध्ये दमट हवेचा परिणाम घटला, नाहीसा झाला नाही. म्हणून आम्ही निष्कर्ष सौम्य केला आणि पेपरचं शीर्षकही बदललं. सुधारित आवृत्तीवर तेच रिव्ह्युअर पुन्हा बसले आणि पुराव्यापुढे ‘सॉलिड’ लागलं. आज तो पेपर उघडणाऱ्याला पहिली आवृत्ती, आक्षेप, आमचं उत्तर आणि दुसरी आवृत्ती असा सगळा प्रवास दिसतो. त्या चार ओळींच्या रिजेक्शननंतर आम्ही पेपर तसाच तिसऱ्या जर्नलला देऊन छापून घेतला असता, तर बाष्पीभवनाचा मुद्दा पुढे दुसऱ्याच एखाद्या लॅबला काही वर्षं वाया घालवून कळला असता.

वाचक म्हणून मला याचा सर्वांत जास्त फायदा होतो तो आमच्या जर्नल क्लबमध्ये. दर आठवड्याला एक विद्यार्थी एक पेपर मांडतो. पूर्वी नवी मुलं छापलेलं वाक्य प्रमाण मानायची. आता ईलाइफचा पेपर असला की मी सांगते, आधी फक्त पेपर वाचा, आपले आक्षेप लिहा, आणि मग रिव्ह्युअरांचे अहवाल उघडा. एमएस्सीच्या मुलाला जेव्हा दिसतं की त्याला खटकलेली गोष्ट रिव्ह्युअरलाही खटकली होती, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला कुठल्याही शिकवणीतून आणता आलेलं नाही. रिव्ह्यू कसा लिहावा हे आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही. बघायलाच मिळायचे नाहीत तर शिकणार कुठून? या मुलांपुढे आता हजारो अहवाल फुकट उघडे आहेत.

रिव्ह्युअर म्हणूनही फरक जाणवतो. चर्चेच्या वेळी आम्हा रिव्ह्युअरांना एकमेकांची नावं दिसतात. आपलं लिखाण दुसरा जाणकार नावानिशी वाचणार आहे आणि पुढे जगही वाचणार आहे, म्हटल्यावर माणूस ‘पुरेसं नावीन्य नाही’ एवढ्यावर थांबत नाही. कारण द्यावं लागतं. मी स्वतः आता जास्त वेळ घेऊन लिहिते, आणि माझी भाषाही सुधारली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे. अहवाल उघडे असले की रिव्ह्यू खरोखर झाला हे दिसतं. २०१३ मध्ये ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा पेपर वेगवेगळ्या नावांनी ३०४ जर्नलांना पाठवला होता, १५७ जर्नलांनी तो घेतला. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीची चिकित्सा केली. काम इथलंच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं. विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत आलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी युजीसीने यादीतली ४,३०५ जर्नलं काढून टाकली. परदेशी मोठ्या प्रकाशकांचीही यातून सुटका नाही. २०२३ मध्ये वायली या कंपनीच्या हिंदावी या शाखेला आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले, कारण रिव्ह्यूच्या नावाखाली टोळ्यांनी एकमेकांचे पेपर पास केले होते. यातल्या बहुतेक जर्नलांवर ‘पीअर रिव्ह्यूड’, म्हणजे जाणकारांनी तपासलेलं, असंच लिहिलेलं होतं. अहवाल मात्र कुणालाच दिसत नव्हते.

आता पैसे. नवी पद्धत आली तेव्हा ईलाइफने लेखकाकडून घ्यायचं शुल्क ३,००० डॉलरवरून २,००० डॉलरवर आणलं. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दीड लाखाच्या वर रुपये. ‘नेचर’ने २०२१ पासून खुल्या प्रकाशनासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली, त्यापुढे हे कमीच. पण आपल्याकडच्या छोट्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला दीड लाख म्हणजे दोन वर्षांची रसायनं. पैसे नसतील तर शुल्कमाफी मागता येते, आणि ती मागायला लाजू नका. ज्यांना पैशाचा विषयच नको त्यांनी ‘पीअर कम्युनिटी इन’ पाहावं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम प्रीप्रिंटचा रिव्ह्यू करून अहवाल उघड करतो आणि लेखकाकडून काहीच घेत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. नाकारणार नाही म्हणतात ते रिव्ह्यूनंतर. रिव्ह्यूला घ्यायचं की नाही हे एडिटरच ठरवतात, आणि त्या पहिल्या दारात कुठलेही अहवाल बाहेर येत नाहीत. सगळी निवड आता तिथेच होते. त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला पुण्याच्या लॅबचं नाव माहीत नसेल, तर त्याचा परिणाम होत नसेल असं मी मानायला तयार नाही. पीटर्स आणि सेसी यांनी दाखवलेला रोग याच जागी असतो. ईलाइफने या टप्प्यावरही दोन ओळींचं कारण उघड करावं, अशी माझी त्यांच्याकडे मागणी आहे. दुसरं, दुरुस्ती करायची सक्ती नसल्याने काही लेखक आक्षेपांना उत्तरच देत नाहीत. अहवाल शेजारीच असल्याने वाचक फसत नाही, हे खरं. पण उरकून टाकलेल्या कामाला ठिकाण मिळतं, हेही खरंच.

आणि आता मूळ दुखणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीने आपल्या ‘वेब ऑफ सायन्स’ या जर्नलांच्या सूचीत ईलाइफची नोंदणी थांबवली. त्यांचं म्हणणं, रिव्ह्युअरांनी पुरावा अपुरा म्हटलेले पेपरही इथे छापले जातात. मग तोडगा निघाला की पुरावा ‘सॉलिड’ किंवा त्याहून वर असलेलेच पेपर तिकडे पाठवायचे. पण त्यामुळे ईलाइफचा इम्पॅक्ट फॅक्टर गेला; जर्नलातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, तो हा आकडा. म्हणजे ज्या जर्नलने आपल्या पेपरांतल्या उणिवा वाचकापुढे ठेवल्या, त्याची नोंद अर्धवट झाली. उणिवा आत ठेवणाऱ्यांना काहीच झालं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तसं मी प्रत्येक बैठकीत म्हणते.

या अन्यायाची किंमत माझी विद्यार्थिनी मोजते. एका संस्थेत मुलाखतीला गेली तेव्हा समितीतल्या एकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ ती म्हणाली, नाही. पुढचे प्रश्न कामावर आलेच नाहीत. त्या समितीसमोर तिचा पेपर होता, रिव्ह्युअरांनी त्यावर काय म्हटलं ते होतं, तिने काय उत्तर दिलं तेही होतं. उमेदवार कसा विचार करते हे पाहायला याहून चांगला कागद कुठला? वाचायला अर्धा तास लागला असता.

युजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या जुन्या यादीच्या जागी आणलेली केअर यादीही बंद केली आणि जर्नलाची पारख संस्थांवरच सोपवली. नवी यादी करत बसण्यापेक्षा समित्यांनी उमेदवाराला एवढंच सांगावं: तुमच्या एका पेपरचे रिव्ह्युअरांचे अहवाल आणि तुमचं उत्तर घेऊन या. ईलाइफचे उघडेच आहेत. इतर जर्नलांचे लेखकाच्या मेलमध्ये असतात. जिथे रिव्ह्यू झालाच नाही, तिथे आणायला काही नसेल.

तर पाठवावा का? पक्की नोकरी असलेल्या प्रत्येकाने पाठवावा, आणि वरिष्ठांनी आधी पाठवावा. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या पेपरांची सवय समित्यांना आपल्याच पेपरांमुळे लागेल. पीएचडी संपत आलेल्या विद्यार्थ्याचा एकुलता एक पेपर असेल तर त्याच्याशी बसून बोला, निर्णय त्याचा असू द्या. परदेशी पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, जायचं असेल तर फारशी अडचण येऊ नये. बऱ्याच लॅबचे प्रमुख पेपर उघडून वाचतात. इथल्या भरतीसाठी अर्ज करायचा असेल तर पहिल्या शेऱ्यावर थांबू नका. दुरुस्ती करा, पुरावा ‘सॉलिड’पर्यंत न्या आणि मगच अंतिम आवृत्ती जाहीर करा. त्यासाठी लागणारे प्रयोग, माश्या, उपकरणं यांचा वेळ आणि पैसा पेपर पाठवण्याआधीच ग्रँटमध्ये राखून ठेवा. बायोडेटात पेपरच्या नावाखाली मूल्यमापनाची दोन वाक्यं आणि अहवालांची लिंक द्या. माझ्या लॅबमधून आता प्रत्येक अर्ज असाच जातो.